हुनर आणि यंत्र : जुन्नरी कागदापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातील कितीतरी घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुलाचा किंवा मुलीचा हात चित्रकलेत चांगला असतो. टीव्हीवर आणि मोबाईलवर हालती चित्रे, म्हणजे ॲनिमेशन, पाहून आपणही तसे काही करावे अशी उमेद मनात असते. पुण्या-मुंबईस हे शिकविणाऱ्या संस्था आहेत. परंतु त्यांची फी सामान्य दुकानदाराच्या, शेतकऱ्याच्या किंवा नोकरदाराच्या खिशाला जड जाते. तरीही पालक जुळवाजुळव करू लागतात, तोच कोणी तरी जाणता माणूस सांगतो, "कशाला पैसे घालता? आता चित्र यंत्रच काढते. चार शब्द लिहिले की काम झाले."

हे बोलणे अगदीच खोटे नाही. शब्द वाचून चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ सालापासून सर्वांच्या हाती आली. मार्च २०२५ मध्ये तर जपानी कार्टूनच्या धर्तीवर रंगविलेली घरच्या माणसांची छायाचित्रे मोबाईलवरून सर्वत्र फिरू लागली. जपानच्या घिब्ली स्टुडिओतील कलावंतांनी जी शैली वर्षानुवर्षे हाताने चित्रे काढून घडविली, तिची नक्कल यंत्राने काही क्षणांत करून दाखविली. मग चित्रकलेला वाहून घेऊ पाहणाऱ्या मुलाने काय करावे? त्याला या वाटेला जाऊच देऊ नये, की केवळ यंत्र चालवावयास शिकवून मोकळे व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम मागे वळून पाहणे इष्ट आहे. कारण हात आणि यंत्र यांचा हा सामना आपल्याच गावात पूर्वी एकदा होऊन गेला आहे. त्यातून घेण्यासारखा धडाही आहे.

जुन्नरी कागद

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, लेण्याद्री आठवते, निजामशाहीच्या काळातील घुमट आणि मशिदी आठवतात. परंतु एके काळी जुन्नरचे नाव दूरदूरच्या दप्तरांत पोचले होते ते येथील कागदामुळे. 'जुन्नरी कागद' ही त्या काळी नावाजलेली जात होती. दौलताबादेच्या कागदाप्रमाणेच जुन्नरचा कागदही पेशवाईतील लिखापढीत वापरला जात असे. हा कागद करणारे कारागीर मुसलमान होते. धंद्यावरूनच त्यांना 'कागदी' म्हणत. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा या नावात त्याच धंद्याची आठवण शिल्लक आहे.

हा कागद कसा होत असे, हे आजच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. जुनी तागाची गोणपाटे आणि दोर बारीक तोडून चुन्याच्या पाण्यात भिजत घालीत. मग पायाने चालवावयाच्या जड लाकडी हातोड्याखाली ते कांडून नदीच्या वाहत्या पाण्यात धुवीत. भिजविणे, कांडणे, धुणे हे अनेक दिवस पुनःपुन्हा चाले. तयार झालेला लगदा हौदातील पाण्यात कालवून, बारीक काड्यांची चटई बसविलेली चौकट त्यात बुडवून अलगद वर उचलीत. चटईवर जो पातळ थर राहील तो एक ताव. किती खोल बुडवायचे, किती हलवायचे, कोणत्या क्षणी उचलायचे हे सारे हाताच्या अंदाजावर. नंतर ताव दाबून पाणी काढावयाचे, भिंतीवर चिकटवून वाळवावयाचे, खळ द्यावयाची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून त्यास तकाकी आणावयाची. बोरूने लिहिण्यास हा कागद फार उत्तम. शाई फुटत नसे आणि कागद पिढ्यान्पिढ्या टिके.

असा हा हुनर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरू लागला. विलायती कागद आला, नंतर देशी गिरण्या निघाल्या. पुण्याजवळ मुंढव्यासही कागदाची गिरणी उभी राहिली. गिरणीचा कागद स्वस्त, एकसारखा आणि छापखान्यास सोयीचा होता. घोटीव कागदाचे गिऱ्हाईक व्यापाऱ्यांच्या चोपड्यांपुरते आणि सरकारी दप्तरापुरते उरले; पुढे तेही गेले.

यात कारागिरांचा आळस नव्हता की त्यांच्या कामात खोट नव्हती. उणीव निराळीच होती. लगदा का होतो, चुन्याने धाग्यावर काय परिणाम होतो, कोणत्या वनस्पतीचा धागा अधिक बळकट, याचे ज्ञान त्यांना अनुभवाने होते. परंतु ते ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे हातानेच जात राहिले. त्याची शाळा निघाली नाही, त्याचे पुस्तक झाले नाही. हाताचे काम गिरणीने घेतले तेव्हा त्या हातामागील ज्ञानाला दुसरीकडे नेण्याची वाट कारागिराजवळ नव्हती.

ती वाट असती तर काय झाले असते याचे उत्तरही पुण्यातच सापडते. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० साली पुण्यास हातकागद संस्था स्थापन झाली. के. बी. जोशी यांच्यासारख्या संशोधकांनी जुन्या कारागिरीस रसायनशास्त्राची जोड दिली. गिरणीशी स्पर्धा करण्याऐवजी, गिरणीला जो कागद जमत नाही तो करावयाचा, असे धोरण ठेवले. चित्रकारांचा कागद, टिकाऊ दस्तऐवजांचा कागद, शोभिवंत कागद या रूपाने हातकागद पुन्हा उभा राहिला. ज्या हुनराला शाळा मिळाली तो रूप बदलून जगला, हे आपण ध्यानात ठेवू आणि पुढे जाऊ.

फाळके यांचा वाटाणा आणि आगकाड्या

आता हालत्या चित्रांकडे वळू. ॲनिमेशनचे मूळ तत्त्व सोपे आहे. एकमेकांहून किंचित वेगळी चित्रे डोळ्यांपुढून वेगाने सरकली की ती हालत असल्याचा भास होतो. चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी सरकतात. दहा मिनिटांच्या चित्रपटात १४,४०० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींस वापरले तरी ७,२०० चित्रे लागतात. इतक्या प्रचंड श्रमांमुळेच या कलेच्या इतिहासात यंत्र कोठे आणावे आणि कोठे आणू नये हा प्रश्न प्रथमपासून आहे.

आपल्या देशात या कलेचा पाया एका मराठी माणसाने घातला. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके प्रथम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछापाचे काम अशा अनेक विद्या त्यांनी हस्तगत केल्या. चित्रपट काढण्यास कोणी भांडवल देईना, तेव्हा १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. महिन्याहून अधिक काळ ते त्याची थोडी थोडी चित्रे कॅमेऱ्याने टिपत राहिले. ती एकामागून एक दाखविताच पडद्यावर वाटाण्याला कोंब फुटला आणि वेल डोलत वर चढू लागला! हे पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांपुढे आला. १९१५ साली फाळके यांनी आगपेटीतील काड्या हाताने किंचित किंचित सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. तो आज पाहावयास मिळत नाही. पण भारतातील ॲनिमेशनचा इतिहास लिहिताना प्रारंभी त्याचेच नाव घ्यावे लागते.

कॅमेरा हे त्या काळचे अगदी नवे यंत्र होते. चित्रकाराचे पोट मारण्यास ते आले आहे असे म्हणणारे तेव्हाही होते. फाळके यांनी त्याचा धसका घेतला नाही आणि त्याची पूजाही केली नाही. काय दाखवावयाचे हे आधी त्यांच्या मनात ठरलेले होते, यंत्र मागाहून आले.

साहेबमामा फत्तेलाल

फाळके यांच्यानंतर जे नाव घ्यावयाचे ते आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. कोल्हापूरजवळील कागल येथे जन्मलेले शेख फत्तेलाल यांस सारे चित्रपटसृष्टीतील लोक प्रेमाने 'साहेबमामा' म्हणत. रंगभूमीचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली ते चित्रकला शिकले. त्या कारखान्यात रंगकाम, शिल्पकाम आणि यंत्रकाम यांत भेद नव्हता. आनंदराव १९१६ साली वारले. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने देशी कॅमेरा सिद्ध करूनच दम घेतला.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत व्ही. शांताराम, दामले, धायबर, सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर फत्तेलाल होते. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३४ साली, रघुनाथ केळकर यांचा 'जंबूकाका' हा हालत्या चित्रांचा लघुपट प्रभातमध्ये तयार झाला. दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ मध्ये दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटात भिंत चालत असल्याचे दृश्य या जोडीने पडद्यावर आणले. ज्ञानेश्वरांच्या कथेतील ज्या रेड्याने वेद म्हटले, त्याची समाधी आपल्या तालुक्यात आळे येथे आहे. त्या कथेला पडद्यावर रूप देणाऱ्या दोघांत एक मुसलमान कलावंत होता, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

भिंत चालविण्याची ही करामत आज मोबाईलवरही साधते. मग त्या दृश्याचे मोल कशात होते? सामान्य माणसाच्या मनातील श्रद्धा आणि विस्मय यांना कलावंताने ओळखले होते, यात. फत्तेलाल यांनी देवळे, वाडे, माणसांचे पेहराव डोळे भरून पाहिले होते. तशी नजर कोणत्याही यंत्राबरोबर फुकट मिळत नाही. ज्या जागेत प्रभातचा स्टुडिओ होता तेथेच १९६० साली भारत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. उस्तादाच्या कारखान्यातील विद्या शाळेत आली ती अशी.

मुंबईतील कार्टूनची शाळा

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. तेथे १९५६ साली कार्टून चित्रपटांचा विभाग उभा राहिला. तेथील तरुणांना शिकविण्यासाठी डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स अमेरिकेहून आले. जी. के. गोखले, राम मोहन यांसारखे कलावंत या विभागात घडले. राम मोहन हे मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. जातककथेवर आधारलेला 'बॅनियन डिअर' हा रंगीत लघुपट याच शिक्षणातून निर्माण झाला.

या विद्येचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. हरीण उडी मारते तेव्हा त्याचे वजन प्रथम कोठे जाते, जमिनीवर टेकताना पाय किती वाकतात, थकलेला माणूस आणि रागावलेला माणूस यांच्या चालीत फरक काय, हे आधी जिवंत प्राणी व माणसे पाहून कागदावर उतरवावे लागते. जे हालचाल ओळखू शकत नाही ते हालते चित्र काढू शकत नाही, हा या शिक्षणाचा पहिला नियम होय. विजया मुळे आणि भीमसेन यांचा १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शनवर पाहून एक पिढी मोठी झाली. त्याची चित्रे अगदी साधी आहेत. परंतु लहान मुलाच्या मनाशी कसे बोलावे हे त्यांना पुरते उमगले होते. राम मोहन पुढे १९९२ च्या रामायणावरील भारत-जपान संयुक्त चित्रपटाचे सहदिग्दर्शक झाले आणि २००६ मध्ये ॲनिमेशनची शाळा काढण्यातही त्यांनी पुढाकार घेतला.

रंगाऱ्यांची टेबले रिकामी झाली

जुन्नरच्या कागद्यांवर जो प्रसंग आला तोच या कलेतही आला. जुन्या पद्धतीत मुख्य कलावंत हालचालीची महत्त्वाची चित्रे काढी. मधली चित्रे साहाय्यक भरीत. मग प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवून मागील बाजूने रंगविले जाई. डिस्नेच्या स्टुडिओत या गिरविण्या-रंगविण्याच्या खात्यात मुख्यत्वे स्त्रिया असत. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' या चित्रपटाच्या वेळी झेरॉक्सच्या तंत्राने हाताने गिरविण्याचे काम घेतले. १९९० च्या 'रेस्क्यूअर्स डाउन अंडर' मध्ये सारे रंगकाम संगणकाने झाले. १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा संपूर्ण संगणकावर घडविलेला चित्रपट आला.

प्रत्येक वेळी काही टेबले रिकामी झाली. ज्यांना केवळ रंग भरणे येत होते त्यांचे काम गेले. परंतु ज्यांना पात्र उभे करता येत होते, कथा सांगता येत होती, हालचालीचे मर्म ठाऊक होते, ते कागद सोडून संगणकाकडे गेले आणि तेथेही उस्ताद ठरले. हातात साधन कोणतेही असो, मागची विद्या एकच होती. इतिहासाचा हा दाखला जुन्नरी कागदाच्या दाखल्याशी ताडून पाहिला तर दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो.

नाणेघाटातील आकडे आणि बगदादचा पंडित

आता नव्या यंत्राकडे येऊ. त्याचे एक मूळ आपल्या डोंगरात आहे असे सांगितले तर आपणास नवल वाटेल. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांच्या संख्या त्यात आकड्यांत कोरल्या आहेत. भारतातील आकड्यांच्या अति प्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. त्यात शून्य नाही. ते नंतर आले. पुढे भारतीय अंकपद्धती पूर्ण विकसित झाली. नवव्या शतकात बगदादच्या 'बैतुल हिकमत' या विद्यापीठातील अल्-ख्वारिज्मी यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर होताना त्यांच्या नावाचे 'अल्गोरित्मी' झाले आणि त्यावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. आज संगणकाला दिलेल्या पायरीपायरीच्या आज्ञांना हेच नाव आहे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या अर्थाचा इंग्रजी शब्द घेऊन अमेरिकेतील डार्टमथ येथे विद्वान जमले ते १९५६ साली, म्हणजे मुंबईत कार्टून विभाग उभा राहिला त्याच वर्षी.

हे यंत्र चित्र काढते म्हणजे काय करते? माणसांनी काढलेली कोट्यवधी चित्रे आणि त्यांची वर्णने त्यास पुरविलेली असतात. चित्रावर मुद्दाम ठिपक्यांचा गोंधळ माजवून तो कसा दूर करावा हे त्यास शिकविलेले असते. आपण शब्द दिले की ते नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करून, त्या शब्दांना साजेसे चित्र दिसेपर्यंत तो साफ करीत जाते. त्यामुळे जे चित्र जगात पुष्कळदा काढले गेले ते त्यास चांगले जमते. जे क्वचितच काढले गेले तेथे ते सरासरीवर भागविते. आपल्या तालुक्यातील पोराला उसाच्या पाचटातील सळसळीवरून बिबट्याची चाहूल लागते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावाबद्दल आजीच्या तोंडून ऐकताना तिचा आवाज कोठे दाटतो हे नातवाला ठाऊक असते. यंत्राला हे कोणी सांगितलेले नाही. ते सांगणारा माणूसच हवा.

दुसरी गोष्ट हक्काची. ज्या कलावंतांच्या चित्रांवर हे यंत्र पोसले त्यांतील बहुतेकांची परवानगी कोणी घेतली नव्हती, हा वाद जगभर चालू आहे. २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी जो प्रदीर्घ संप केला त्यातील एक मुख्य मागणी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर मर्यादा घालण्याची होती. त्या मर्यादा त्यांनी करारात मिळविल्या. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने, जिचा कर्ता माणूस नाही अशा कृतीस तेथील कॉपीराइट मिळणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे ज्याने केवळ यंत्राकडून चित्र काढून घेतले त्याच्या हाती त्या चित्राची मालकीही पक्की राहत नाही. धंद्याच्या दृष्टीनेही हा मुद्दा लहान नाही.

आधी पाढे, मग यंत्र

हे सारे पाहता शिक्षणाचा क्रम काय असावा? गणिताचे उदाहरण घ्या. आकडेमोडीचे यंत्र येऊन कित्येक वर्षे झाली, तरी आपण मुलाला पाढे पाठ करावयास लावतो. कारण पाढे येणाऱ्यासच यंत्राचे उत्तर चुकले हे कळते. चित्रकलेतही तसेच. ज्याला स्वतःला घोडा काढता येतो त्यालाच यंत्राने काढलेल्या घोड्याच्या पायात चूक आहे हे दिसते.

यास्तव पहिली पायरी डोळा आणि हात यांची. शाळेतील शिक्षकांनी मुलांस रोज पाच मिनिटांत एक चित्र काढावयास लावावे. नारायणगावच्या बाजारातील हमाल, मंचरच्या स्टँडवरील गर्दी, अंगणातील कोंबडी, काहीही. दुसरी पायरी हालचालीची. जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानोपानी किंचित बदललेले चित्र काढून पाने भरभर उलटली की ॲनिमेशन होते. यास एक पैसा लागत नाही. फाळके यांच्याप्रमाणे आगकाड्या सरकवून मोबाईलने एकेक छायाचित्र घेतले तर एका दुपारी अर्ध्या मिनिटाचा चित्रपट होऊ शकतो. तिसरी पायरी कथेची. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मोटारीपुढे आडवे झाले आणि हुतात्मा झाले. नाणेघाटातून उतरणारे व्यापाऱ्यांचे तांडे, माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्रातील प्राणी, जुन्नरचा कागदी आणि त्याचा हौद, असे कितीतरी विषय अजून कोणी हालत्या चित्रांत आणलेले नाहीत.

चौथ्या पायरीवर यंत्र आणावे आणि मोकळ्या मनाने आणावे. मधली चित्रे भरणे, रंग देणे, मागील देखावा साफ करणे, पात्राचे ओठ आवाजाशी जुळविणे, एकाच प्रसंगाचे चार कच्चे आराखडे पटकन पाहणे, ही कामे त्याच्याकडून अवश्य करून घ्यावीत. एके काळी ज्या लघुपटाला मोठा स्टुडिओ लागे तो यामुळे खेड्यातील चार मित्रांनाही साधू शकेल, हा लाभ लहान नाही. मात्र दोन नियम असावेत. एक, विद्यार्थ्याने आपली कच्ची रेखाटने तयार कामाबरोबर दाखवावीत. दोन, यंत्राचे साहाय्य कोठे घेतले ते उघड लिहावे. शिवाय यंत्राने दिलेल्या चित्रात काय खटकते, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सांगावे. असे सांगणे ज्याला जमते तो यंत्राचा धनी. ज्याला जमत नाही तो त्याचा हमाल. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना अहोरात्र आकाशाचा कानोसा घेतात. परंतु कोठे आणि कशासाठी कान लावावयाचा हे तेथील शास्त्रज्ञच ठरवितो. हेच नाते विद्यार्थ्याने यंत्राशी ठेवावे.

पालकांनी काय पाहावे

पालकहो, आपण कष्टाचा पैसा मोजणार आहात, तेव्हा प्रवेशापूर्वी संस्थेत जाऊन चार गोष्टी जरूर विचाराव्यात. पहिल्या वर्षी हाताने चित्र काढण्यास आठवड्यातून किती तास दिले जातात? शिकविणाऱ्यांनी स्वतः कोणते काम केले आहे? विद्यार्थ्यांच्या वह्या पाहावयास मिळतील काय? प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे आहे? जेथे केवळ सॉफ्टवेअरची नावे सांगितली जातात तेथे थोडे थांबावे. सॉफ्टवेअर दोन वर्षांत जुने होते. हाताची आणि नजरेची कमाई होत नाही.

वाट शाळेपासूनच सुरू होते. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा मुलांस जरूर द्यावयास लावाव्यात. बारावीनंतर जे. जे. सारख्या कलाशाळा आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील डिझाइनच्या शिक्षणासाठी 'यूसीड' ही परीक्षा आहे. याच क्षेत्रासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही नवी संस्था २०२५ साली मुंबईत सुरू झाली. आपल्या मुलींचाही यात तितकाच विचार व्हावा. हे काम घरी बसूनही करता येण्यासारखे आहे आणि चित्रकलेचे अंग मुलगा-मुलगी असा भेद पाहून येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, जुन्नरचा कागदी आपल्या हौदातून जो ताव उचलीत असे तो कोरा होता. त्यावर काय लिहावयाचे हे दुसरे लोक ठरवीत. आज तुमच्यापुढे जो पडदा आहे तोही कोराच आहे, पण त्यावर काय उमटवावयाचे हे तुम्हांस ठरविता येईल. त्यासाठी वही-पेन्सिल आजच घ्या, आणि आपल्या आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या गोष्टी ऐका. यंत्राची ओळख त्यानंतर करून घ्या. ते कोठे पळून जात नाही.